घरशाळा आणि गोठा: काय करावे, काय टाळावे

पाटण खोऱ्यात मूल घरी राहून शेतात वाढणं ही नवी टूम नाही. आजोबा-पणजोबांच्या पिढीतली कितीतरी पोरं अशीच वाढली, फक्त त्याला कुणी घरशाळा म्हणत नव्हतं. म्हसरं राखायला दुसरं माणूस नाही, म्हणून शाळा सुटायची. शाळा सुटलेल्यांतले पुष्कळजण पुढे मुंबईला जाऊन पाठीवर पोती वाहू लागले. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. खोऱ्याच्या खालच्या अंगाला, कराड तालुक्यातल्या काले गावी, १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. पुढे पाटणचेच बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना गरिबाघरच्या मुलांना फीची सवलत मिळाली. तेव्हा कुठे वाडी-वस्तीवरची पोरं वर्गात बसली.

आता वारं उलट फिरलंय. मुंबई-पुण्याहून गावच्या घरी परतलेले काही आईबाप, आणि गावातच राहिलेले थोडेफार, मुलांना घरीच शिकवायचं म्हणतात. सकाळी अभ्यास, मग गोठा, परसबाग, वावर. बेत चांगला आहे. पण शेत आपोआप काही शिकवत नाही. शेणाची पाटी उचलून मूल शेणाची पाटी उचलायलाच शिकतं. त्यापुढचं सगळं शेजारी उभ्या असलेल्या मोठ्या माणसानं काय विचारलं यावर ठरतं. तेवढी सवड तुम्हाला नसेल तर जिल्हा परिषदेची शाळा केव्हाही बरी.

काय करावे

कागदपत्रांचा विचार आधी करा. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे कलम १० नुसार पालकांचं कर्तव्य आहे. घरी शिकवण्याचा उल्लेख कायद्यात नाही, आणि मूल शाळेत न घालणाऱ्या पालकाला शिक्षाही सांगितलेली नाही. म्हणून रान मोकळं आहे असं समजू नका. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला गुरुजी दारात येतात, तेव्हा पोरगं काय शिकतंय ते वह्या काढून दाखवता आलं पाहिजे.

परीक्षेच्या वाटा मुख्यतः तीन. एक, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस: तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीच्या पायऱ्या, आणि चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर दहावी. दोन, महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ: पाचवीला दहा वर्षं पूर्ण हवीत, आठवीला तेरा. तीन, राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसणं. या तिसऱ्या वाटेवर शाळा सोडल्याचा दाखला मागतात. शाळेचं तोंडच न पाहिलेल्या मुलाचं तिथं अडतं.

म्हणून ज्यांना जमेल त्यांनी पाचवीपर्यंत मुलाला गावच्या शाळेत जाऊ द्यावं आणि घरशाळा त्यानंतर मांडावी, असं माझं मत. नवोदय विद्यालयासाठीही पाचवीत मान्यताप्राप्त शाळेत शिकत असल्याची अट असते. सातारा जिल्ह्याचं नवोदय खावलीला आहे, तिथली आशा असेल तर हे आधीच ध्यानात घ्या. २०१६ साली मुंबईच्या एका घरी शिकलेल्या मुलीला प्रोग्रॅमिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमधल्या पदकांवर अमेरिकेतल्या एमआयटीनं प्रवेश दिला. आपल्याकडच्या आयआयटीचं दार मात्र तिला बंद होतं, कारण बारावीचं प्रमाणपत्र नव्हतं. अशी मुलगी लाखात एक. बाकीच्यांना कागद लागतो.

बसून करायचा अभ्यास सकाळीच उरका. धार काढून झाली, डेअरीला दूध गेलं, की दोन-अडीच तास वाचन, लेखन, गणित. समोर एकच मूल असेल तर एवढा वेळ पुष्कळ होतो. ‘आधी एवढी भांगलण होऊ दे, मग बस’ असं एकदा सुरू झालं की अभ्यास दिवेलागणीला जातो आणि मूल वहीवर पेंगतं. लावणीच्या आठवड्यात पुस्तक बंद राहणारच. ते गुपचूप बुडू देऊ नका, ‘लावणीची सुट्टी’ म्हणून जाहीर करा आणि ती संपायची तारीखही सांगा.

एक काम पुरतं मुलाच्या ताब्यात द्या. हाताखाली मदत करणं निराळं आणि जबाबदारी घेणं निराळं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला कोंबड्या द्याव्यात. म्हशीचं नुकसान घराला झेपत नाही, कोंबडीचं झेपतं. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवायची तारीख मुलानंच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची आणि तिथून एकवीस दिवस मोजायचे. सातव्या-आठव्या रात्री दिवे घालवून एकेक अंडं टॉर्चवर धरायचं. आत तांबड्या शिरांचं जाळं आणि मधे काळा ठिपका दिसला तर जीव धरलाय. सगळं सारखंच पिवळट उजळलं तर ते फळलेलं नाही. मूल श्वास रोखून बघत असतं तेव्हा काही समजावू नका. फळलेल्या अंड्यावर पेन्सिलीनं खूण करू द्या आणि झटपट परत ठेवायला सांगा, अंडी गार होतात. बारा बसवली, नऊ फुटली, तर शेकडा किती, हे गणित मग मूलच मांडतं. मुंगूस येऊन चार पिल्लं गेली तर खुराड्याची फट त्यालाच शोधू द्या. तुम्ही रात्री उठून बुजवू नका.

डेअरीची चिठ्ठी वाचायला लावा. लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. एवढ्याशा कागदावर दशांश, गुणाकार, सरासरी सगळं आलं. घरात दोन म्हशी असतील तर एखाद्या दिवशी दोघींचं दूध वेगळं मोजून घ्या. एक जादा देते पण पातळ, दुसरी कमी देते पण फॅट चांगली. पैसे कोण जास्त देते? उत्तर बहुधा मोठ्यांनाही ठाऊक नसतं, आणि म्हणूनच मुलाला त्यात गोडी वाटते. महिनाभराची फॅट चौकटीच्या वहीत मांडा. पावसाळ्यात कोवळा हिरवा चारा सुरू झाला की दूध चढतं आणि फॅट उतरते, हे आलेखात दिसलं की पुढचा प्रश्न मूलच विचारतं. दहा दिवसांचं बिल आलं की चिठ्ठ्यांची बेरीज करून ते तपासायचं कामही त्याचंच. फरक निघाला तर डेअरीत जाऊन नम्रपणे विचारायचं, तेही त्यानंच.

पाऊस मोजा. या तालुक्यात मुलाला याहून मोठा धडा नाही. कोयनानगर-नवजाकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. तिथून साठ किलोमीटरच्या आत कराड, आणि तिथं त्याचा एक लहानसा हिस्सा. सरळ उभ्या भिंतीचं कुठलंही भांडं उघड्यावर ठेवा, रोज सकाळी आठ-साडेआठला पट्टी बुडवून आकडा वहीत लिहा आणि पेपरात येणाऱ्या कोयना, नवजा, महाबळेश्वरच्या आकड्यांशी ताडून बघा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. गुंठा भरतो एकशे एक चौरस मीटरचा. पन्नास मिलिमीटर पडला तर एका गुंठ्यावर पाच हजार लिटर पाणी पडलं. हे पहिल्यांदा कळतं तेव्हा मुलं कौलांवरून गळणाऱ्या पागोळ्यांखाली बादल्या लावायला धावतात.

आता पंचांग काढा. रोहिणी, मृग, आर्द्रा ही पावसाची नक्षत्रं सूर्याच्या हिशेबानं चालतात, म्हणून मृग दरवर्षी ७-८ जूनलाच लागतो. बेंदूर मात्र तिथीवर असल्यानं मागेपुढे सरकतो. दोन कालगणनांतला हा फरक पाठ्यपुस्तकातल्या आकृतीपेक्षा इथं लवकर समजतो. प्रत्येक नक्षत्राला पंचांगात वाहन दिलेलं असतं. हत्ती, बेडूक, म्हैस आलं की आबा म्हणतात, यंदा धो-धो. मुलाला म्हणावं, तुझ्या मोजमापाच्या वहीत बघ, बेडकाच्या पंधरवड्यात खरंच जास्त पडला का? दोन-तीन पावसाळ्यांच्या नोंदी हातात आल्या की ते आबांशी आकड्यांनिशी बोलेल. आबांचा मान राखून वाद घालायचा, हेही शिक्षणच.

बारा वर्षांवरच्यांसाठी पुढची पायरी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी, आणि कोयनेच्या धरणाची क्षमता १०५ टीएमसीच्या थोडी वर. पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेकनं, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट, पाणी सोडलं, अशी बातमी येते. तेवढ्यानं एक टीएमसी खाली व्हायला किती दिवस लागतील? साडेपाच. भागाकार स्वतः केलेल्या मुलाला पावसाळ्यातल्या बातम्या कळायला लागतात. मग नकाशा पसरा. धरणात साठलेलं काही पाणी बोगद्यांतून पोफळीकडे उतरून वाशिष्ठीतून अरबी समुद्राला जातं, आणि नदीनं वाहिलेलं कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला.

वावर मोजून बघा. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद म्हणजे गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. दोरीला तेहतीस फुटांवर गाठ मारून एक गुंठा प्रत्यक्ष आखू द्या. मग सातबारा वाचायला द्या. भात पेरायच्या आधी दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून बियाणं त्यात टाकायचं, पोकळ दाणे वर तरंगतात, ते काढायचे आणि खालचं बी स्वच्छ पाण्यानं धुऊन घ्यायचं. घनतेचा हा प्रयोग गावात पिढीजात नाही, कृषी खात्याकडून आला, पण आता पुष्कळ घरांत होतो. लावण चारसूत्रीनं करत असाल तर १५ आणि २५ सेंटिमीटरच्या खुणा असलेली दोरी मुलाला बनवायला सांगा. ज्यांच्याकडे मेअखेरीस धूळवाफ पेरणी होते त्यांनी ओल नसलेल्या मातीत बी का टाकतात, हे विचारून ठेवावं. उत्तर जूनमध्ये उगवतं.

म्हाताऱ्या माणसांकडून इतिहास लिहून घ्या. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. ज्यांनी तो पाहिला ती माणसं अजून ओसरीवर बसलेली आहेत. धरणाखाली गेलेल्या गावांतली कुटुंबं सोलापूर, सांगली, रायगड, ठाणे अशी पांगली, त्यांच्याकडे आपली सोयरीक आहे. मुलानं आज्जीशेजारी बसून विचारावं: तेव्हा तू कुठं निजली होतीस? घर कशाचं होतं? किती दिवस मांडवात राहिलात? उत्तर आज्जीच्या बोलीत, जसं आहे तसं लिहायचं, आणि नंतर तेच प्रमाण मराठीत. एकाच बसणीत इतिहासही होतो आणि लेखनही.

पाठ्यपुस्तक टाकून देऊ नका. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात, छापील घेतली तरी स्वस्त. ‘किशोर’ मासिक लावा. शेतातून जे कधीच मिळणार नाही, बीजगणित, संविधान, दूरचे देश, इंग्रजी, ते पुस्तकातूनच यायचं.

संध्याकाळी मूल पोरांत सोडा. शाळेच्या पटांगणावर, तालमीत, भजनात, जिथं गावातली पोरं असतील तिथं.

शाळेतल्या गुरुजी-बाईंशी जाणं-येणं ठेवा. वर्षातून एकदा त्यांच्याकडून मुलाची वही तपासून घ्या. वरच्या वाड्यांतल्या कितीतरी शाळांचा पट इतका लहान आहे की तिथं बाई प्रत्येक मुलाला नावानिशी ओळखतात. स्वातंत्र्यदिनाला तुमचंही मूल रांगेत उभं राहिलं तर कुणाची हरकत नसते.

काय टाळावे

मजूर मिळत नाही म्हणून मूल कामाला लावू नका. सगळ्यात मोठा धोका हाच आहे. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. शाळेची वेळ सोडून आणि सुट्टीत, धोका नसलेल्या घरच्या कामात मुलानं हात लावायला आता हरकत नाही. घरशाळेत ‘शाळेची वेळ’ तुम्हीच ठरवता, त्यामुळे तुम्हाला हटकणारं कुणी उरत नाही.

इथं भाऊरावांची आठवण हवी. त्यांच्या वसतिगृहांतली मुलं खपत होती, सातारच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ म्हणून पोरं कुदळ-फावडं घेऊन राबली. पण ते राबणं शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी होतं, त्यापायी वर्ग बुडवायचा नव्हता. त्याहून वेगळी वाट तिकडे डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी काढली. गुरं राखणारी पोरं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली. गुरं चरत होती आणि तिथंच धडेही होत होते. कुरणशाळा म्हणतात ती हीच. दोन्हीकडे काम होतं आणि दोन्हीकडे शिकवण्याची जबाबदारी घेतलेलं मोठं माणूस होतं. तुमच्या वावरात असं माणूस कोण, याचं नाव सांगता आलं पाहिजे. ‘सगळेच बघतो’ म्हणजे कुणीच बघत नाही.

एक साधी पारख आहे. आज मूल कामावर आलं नसतं तर तुम्हाला बाईमाणूस रोजानं लावावं लागलं असतं का? लागलं असतं तर ती मजुरी झाली. मग निदान तिचे पैसे मुलाच्या पोस्टातल्या खात्यात टाका.

मुलीला घरशाळेच्या नावाखाली चुलीशी बांधू नका. भाऊ ट्रॅक्टरवर आणि बहीण भाकऱ्यांवर, अशी वाटणी आपल्याकडे कुणी न सांगता होते. धाकटी भावंडं सांभाळणं तर कामात धरतच नाहीत. सावित्रीबाईंचं नायगाव आपल्याच जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात. तिथं दरवर्षी ३ जानेवारीला माणसं जमतात, आणि त्याच जिल्ह्यात ‘घरीच शिकते’ या दोन शब्दांच्या पडद्याआड चौदा वर्षांच्या पोरीसाठी स्थळं बघितली जात असतील तर घरशाळा हा शब्दच बदनाम होईल. ज्या घरात मुलगी शाळेतून काढायला आज्जी-आजोबा आधीच टपलेत, त्या घरानं हा मार्ग धरू नये. तिला शाळेतच जाऊ द्या. शाळा तिच्यासाठी घराबाहेर पडायचा रस्ता आहे, आणि तो फार कष्टानं झालाय. मुलगी घरी शिकत असेल तर भाकरी मुलालाही आली पाहिजे आणि मोटरीचा फ्यूज मुलीलाही बदलता आला पाहिजे, मेन स्विच पाडून, मोठं माणूस शेजारी उभं करून.

यंत्राजवळ फिरकू देऊ नका. कडबाकुट्टीला मुलानं हात लावायचा नाही, बंद असली तरी नाही. मळणी यंत्राजवळ ओढणी, सैल बाही, लोंबता टॉवेल नको. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसवू नका. फवारणीच्या दिवशी मूल वावरात नको, आणि औषधाची रिकामी बाटली पाण्याला वापरायची नाही. प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यात पडलेला पोहणाराही वर चढू शकत नाही, काठ निसरडा असतो. तिथं कुंपण घाला आणि गाठी मारलेला दोर कायम आत सोडून ठेवा. विहिरीत पोहायला जरूर शिकवा, पण डबा बांधून आणि मोठ्यांसमोर.

साप-विंचवाबाबत भोंगळ राहू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार विषारी साप चित्रावरून ओळखता आले पाहिजेत. वैरणीच्या गंजीत, दगडांच्या ताली-बांधात हात घालायच्या आधी काठी. अंधारात बॅटरीशिवाय पाय बाहेर नाही. चावलाच तर आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, देवाला न्यायचं नाही. माणूस हलू न देता १०८ ला फोन करायचा आणि सरकारी दवाखाना गाठायचा, लस तिथं असते. हा पाठ मुलांना म्हणता यायला हवा.

तिन्हीसांजेला उसाच्या कडेनं एकटं मूल पाठवू नका. बिबट्याची भीती आता गोष्टीतली राहिलेली नाही. वळवाच्या पावसात विजा चमकायला लागल्या की झाडाखाली थांबायचं नाही, गुरं राहू देत, आपण घरात यायचं.

प्रत्येक गोष्टीचा धडा करू नका. पहिल्या पावसात चढणीचे मासे धरायला ओढ्यावर गेलेलं पोरगं ओलंचिंब होऊन, पाटीत चार मळे मासे घेऊन येतं. त्याला दारातच अडवून ‘मासे प्रवाहाच्या उलट का चढतात’ म्हणून विचारणाऱ्या आईबापाचा मला राग येतो. आधी कालवण होऊ द्या. करवंदं, जांभळं, खेकडे, सडावाघापूरच्या पठारावर वाऱ्यानं उलटा उडणारा धबधबा, यांतलं काही मुलासाठी नुसतंच मजेचं राहू द्या.

जनावराबद्दल खोटं बोलू नका. मुलानं नाव ठेवलेलं, हातानं पाला घातलेलं बोकड यात्रेला कापायचं असतं किंवा बाजाराला न्यायचं असतं. ‘मामाकडे पाठवलं’ असं सांगून वेळ मारून नेतात. पोरांना कळतंच, आणि मग तुमच्या पुढच्या दहा गोष्टींवर त्यांचा विश्वास बसत नाही. करडू घरात येतं त्याच दिवशी सांगा: ही शेळी ठेवायची आहे, हे बोकड विकायचं आहे. नाव ठेवायचं की नाही ते मूल ठरवील. विक्रीच्या दिवशी रडलं तर रडू द्या, जेवायला नको म्हणालं तर आग्रह नको. भाकड म्हशीचं काय करायचं, हा प्रश्न तर मोठ्यांनाही सुटत नाही. तो सुटत नाही हेही मुलासमोर कबूल करावं. पैशाचा हिशेब मात्र लपवू नका: करडू कितीला आणलं, पाल्याला किती दिवस गेले, कितीला गेलं. पाबळच्या विज्ञान आश्रमात १९८३ पासून मुलं हातानं वस्तू करताना तिचा खर्चही मांडतात. घरशाळेनं ही सवय उचलावी. कष्टाचा दर धरला की शेतीत काय उरतं, हे चौदाव्या वर्षी कळलेलं बरं.

मोबाईलच्या शिक्षणावर विसंबू नका. जून ते सप्टेंबर खोऱ्याच्या वरच्या अंगाला वीज दोन-दोन दिवस जाते, रेंज डोंगराआड जाते. जे लागेल ते मे महिन्यातच उतरवून किंवा छापून ठेवा.

चिखलातल्या पोरांचे रील टाकू नका. लावणीच्या रांगेत उभी असलेली शेजारची बाई पोटासाठी वाकलेली असते. तिच्या मागे उभं राहून ‘आमची निसर्गशाळा’ म्हणून फोटो काढणं तिला दिसतं. गावकीत याची चर्चा होते आणि ती तुमच्या कानावर येत नाही.

शाळेत जाणाऱ्या मुलांना हिणवू नका. ‘ते घोकंपट्टी करतात, आपण जगून शिकतो’ असलं बोलणं पोरं लगेच उचलतात आणि मैदानावर एकटी पडतात. घोकंपट्टीचंही एक काम असतं. पाढे पाठ नसलेल्या मुलाला डेअरीची चिठ्ठी वाचताना फार वेळ लागतो.

एकदा ठरवलं म्हणून रेटत राहू नका. दरवर्षी मे महिन्यात, पेरणीची घाई सुरू व्हायच्या आधी, मुलाला सरळ विचारा: जूनला शाळेत जायचं का? हो म्हणालं तर आढेवेढे न घेता न्या. पोरीनं हो म्हटलं तर दुसऱ्यांदा विचारूसुद्धा नका. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ नुसार वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो, आणि मागे राहिलेलं भरून काढायला वेगळं शिकवण्याचीही तरतूद आहे. जन्मदाखला, आधार आणि वर्षभराच्या वह्या पिशवीत घाला. पावसाची वही वर ठेवा, मुख्याध्यापक पहिल्यांदा तीच उघडून बघतील.